अमेरिकेत मुलांच्या कॉलेजची आर्थिक मदत कशी ठरते? पहिल्यांदा फॉर्म भरणाऱ्या आईबाबांसाठी

गेल्या वर्षी गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक ओळखीच्या वहिनी भेटल्या. लेक बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर. फॅफ्सा म्हणजे कॉलेजच्या मदतीसाठीचा केंद्र सरकारचा फॉर्म. “फॅफ्सा भरणार ना?” असं मी विचारलं तर म्हणाल्या, “छे हो, आमचा दोघांचा पगार बघून आम्हाला कोण मदत देणार? आणि घरातलं सगळं उघडं करून कशाला सांगायचं?”

चार वर्षांपूर्वी, थोरल्याच्या वेळी, मी शब्दन् शब्द हेच म्हणत होते. त्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं निघालं. दुसऱ्याचं म्हणाल तर झाकली मूठ सव्वा लाखाची ही आपली जुनी सवय, पण या देशात कॉलेजच्या बाबतीत मूठ उघडल्याशिवाय कोणी काही देत नाही. मुलाला स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज हवं असेल तरीही हाच फॉर्म लागतो, आईबाप लखपती असोत की करोडपती.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोन मुलांचे मिळून सहा फॉर्म भरून झाले आहेत. त्यातून जे समजलं ते, ज्या क्रमाने तुम्हाला लागेल त्या क्रमाने, इथे लिहिते.

आधी बघा: मूल पात्र आहे का?

केंद्र सरकारची मदत मिळण्यासाठी मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. निर्वासित वगैरे आणखी काही वर्ग आहेत, पण आपल्या ओळखीतल्या बहुतेक घरांत प्रश्न या दोनच गोष्टींचा असतो. इथे एक मोठा गैरसमज आहे. आईवडील एच-१बी वर असले तरी इथे जन्मलेलं मूल नागरिक आहे, आणि ते पूर्णपणे पात्र आहे. पात्रता मुलाची बघतात, आईवडिलांचा व्हिसा बघत नाहीत. आईवडिलांपैकी कोणाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी त्यांना फॉर्मसाठी खातं उघडता येतं.

उलट, भारतात जन्मलेलं आणि एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेलं मूल, मग ते दुसरीपासून इथल्या शाळेत का शिकलेलं असेना, केंद्राच्या ग्रँटला आणि कर्जाला पात्र नाही. एकाच घरात थोरली एच-४ वर आणि धाकटा नागरिक असेल तर एकाच पगारावर, एकाच छताखाली, दोघांचं उत्तर वेगळं येतं. एच-४ वाल्यांसाठी काय वाट आहे ते शेवटाकडे सांगते.

मदत म्हणजे एक वजाबाकी

मार्क चांगले म्हणून मदत, गरीब म्हणून मदत, ही आपल्या डोक्यातली चित्रं बाजूला ठेवा. गरजेवर आधारित मदत म्हणजे निव्वळ वजाबाकी आहे. वरचा आकडा कॉलेजचा एका वर्षाचा पूर्ण खर्च: शिकवणीची फी, बाकीच्या फिया, राहणं, जेवण, पुस्तकं, येणं-जाणं, वरखर्च. तो कॉलेज ठरवतं. खालचा आकडा तुमच्या घराचा. त्याला स्टुडंट एड इंडेक्स, थोडक्यात एसएआय म्हणतात. २०२४-२५ च्या आधी त्याला ईएफसी म्हणत, म्हणून जुन्या व्हिडिओंत तो शब्द ऐकू येईल. वरच्या आकड्यातून खालचा वजा केला की उरते ती तुमची ‘गरज’.

गंमत इथेच आहे. घराचा आकडा एकच राहतो, कॉलेजचा मात्र दर ठिकाणी बदलतो. समजा तुमचा एसएआय ३३ हजार डॉलर आला. घरच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च ३८ हजार असेल तर तुमची गरज ५ हजारांची. खासगी कॉलेजचा खर्च ९२ हजार असेल तर तीच गरज ५९ हजारांची. म्हणजे पहिल्या ठिकाणी ‘सधन’ असलेलं तुमचं घर दुसऱ्या ठिकाणी ‘गरजू’ ठरतं, आणि दोन्ही ठिकाणी ते खरं असतं.

पण गरज आहे म्हणजे ती भागवली जाईल असं मुळीच नाही. मोजकी श्रीमंत कॉलेजं गरज शंभर टक्के भागवण्याचं वचन देतात. बाकीची त्याआधीच थांबतात, काही तर बरीच आधी. कॉलेजांची यादी करताना क्रमवारीपेक्षा हा प्रश्न आधी विचारा: हे कॉलेज गरज पूर्ण भागवतं का?

फॉर्म: कोण भरतं, कधी भरतं

फॅफ्सा हा फॉर्म फुकट आहे. तो भरून देतो म्हणून पैसे मागणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. साधारणपणे १ ऑक्टोबरला तो खुला होतो. २०२६-२७ चा सप्टेंबरातच आला. कायम असं सुरळीत होत नाही. २०२४-२५ ला फॉर्म नवा केला तेव्हा तो डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी उघडला, आणि कॉलेजांना माहिती मिळेपर्यंत मार्च उजाडला. आमच्या धाकटीचं तेच वर्ष. त्या हिवाळ्यात आमच्या घरी दुसरा विषय नव्हता.

फॉर्म मुलाच्या नावाचा असतो. मुलाचं एक खातं, पालकाचं वेगळं खातं. दोघांनी एकत्र टॅक्स रिटर्न भरला असेल तर एका पालकाचं खातं पुरतं. वेगवेगळा भरला असेल तर दोघांचं लागतं. घटस्फोट झाला असेल तर गेल्या बारा महिन्यांत ज्याने मुलाला जास्त आर्थिक आधार दिला तो पालक. खातं उघडताना नाव सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळवून बघतात, आणि इथे आपली मराठी नावं हमखास अडकतात. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, लग्नानंतर आडनाव बदललं पण कार्डावर जुनंच राहिलं, पासपोर्टवर एक आणि पगाराच्या चिठ्ठीवर एक. सोशल सिक्युरिटी कार्ड समोर ठेवा आणि त्यावर जसं छापलंय तसंच टाइप करा. माझ्या कार्डावर माहेरचं आडनाव होतं. ते लक्षात यायला आमचा एक अख्खा शनिवार गेला.

पुढचा टप्पा संमतीचा. तुमच्या टॅक्स रिटर्नमधले आकडे आयआरएसकडून, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडून, थेट फॉर्ममध्ये आणण्याची परवानगी विद्यार्थी आणि पालक अशा सगळ्यांनी द्यावी लागते. एकाने जरी नाही म्हटलं तरी केंद्राची मदत बंद.

आता कोणत्या वर्षाचं उत्पन्न? दोन वर्षं मागचं. २०२६-२७ साठी २०२४ चं रिटर्न. म्हणजे मूल दहावी संपवून अकरावीत जातं त्या कॅलेंडर वर्षाची कमाई पहिल्या फॉर्ममध्ये दिसते. त्या वर्षात तुम्ही पुण्यातला फ्लॅट विकलात, किंवा कंपनीचे शेअर विकून भलामोठा नफा झाला, तर तो फुगलेला आकडाच फॉर्मवर येतो. मुलं आठवी-नववीत असताना हे कोणी आम्हाला सांगायला हवं होतं. मालमत्तेचं मात्र तसं नाही. फॉर्मवर सही करता त्या दिवशी खात्यात काय आहे ते लिहायचं. छप्पर दुरुस्त करायचंच आहे, क्रेडिट कार्डाचं बिल भरायचंच आहे, तर ते सहीच्या आधी भरा. त्यात काही गैर नाही.

एसएआय कसा निघतो

सूत्र लांबलचक आहे, पण त्याचा गाभा पोळपाटाएवढा. पालकांचं उत्पन्न घ्या. त्यातून केंद्राचा आयकर वजा करा. पगारातून कापले जाणारे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे पैसे वजा करा. कुटुंबात माणसं किती, त्याप्रमाणे घरखर्चाची एक ठरलेली रक्कम वजा करा. नोकरीच्या खर्चापोटी आणखी थोडी. राज्याचा आयकर पूर्वी वजा होत असे, आता होत नाही. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियावाल्यांना हे चांगलंच लागतं. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, कथक आणि रोबोटिक्सच्या फिया, यातलं सूत्राला काहीही दिसत नाही. भारतात आईवडिलांना दर महिन्याला पाठवता ते पैसेही दिसत नाहीत.

जे उरलं त्यात पालकांच्या मालमत्तेचे १२ टक्के मिळवायचे. या बेरजेवर टप्प्याटप्प्याने दर लागतो: सुरुवातीच्या हजारांवर २२ टक्के, वर चढत चढत शेवटच्या टप्प्यावर ४७ टक्के. आपल्याकडच्या आयकरासारखंच.

चौघांचं कुटुंब, वर्षाला दीड लाख डॉलर उत्पन्न, बँकेत आणि शेअरमध्ये मिळून १ लाख डॉलर, असं घर घेऊन मी स्थूल हिशोब केला. आयकर, पगारातली कपात, घरखर्च आणि नोकरीखर्चाची सूट जाऊन ७५ हजारांच्या आसपास उरतात. मालमत्तेचे १२ हजार मिळवले की ८७. त्यावर टप्प्यांचे दर लावले की एसएआय साधारण ३३ हजार. म्हणजे हातात येणाऱ्या प्रत्येक चार डॉलरमधला एक सरकारच्या मते कॉलेजला द्यायला मोकळा आहे! हे वाचून “कुठून द्यायचे?” असं तोंडातून निघणारच. आमच्या घरात निघालं होतं. एसएआय म्हणजे तुम्हाला परवडेल ती रक्कम नव्हे. सगळ्यांना एकाच मापाने मोजायची ती फूटपट्टी आहे, इतकंच समजा.

खालच्या टोकाला एसएआय शून्याच्याही खाली, उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो.

मुलाच्या स्वतःच्या पैशांना सूत्र जास्त कडक आहे. मुलाच्या कमाईवर साधारण ११ हजारांपर्यंत सूट आणि त्यापुढच्या निम्म्या रकमेवर डोळा. मुलाच्या नावावरच्या बचतीचे थेट २० टक्के. त्यामुळे बारशापासून आलेली पाकिटं मुलाच्या नावावर साठवत गेलात तर त्या १० हजारांचे २ हजार मोजले जातात; तेच १० हजार तुमच्या नावावर असते तर ५६४ च्या वर गेले नसते. ५६४ कुठून आले? १२ टक्क्यांवर ४७ टक्के, म्हणजे ५.६४. पालकांच्या मालमत्तेवरची ही कमाल.

मालमत्ता: काय लिहायचं, काय नाही

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आमचीही इथेच झाली. थोरल्याच्या पहिल्या फॉर्ममध्ये नवऱ्याने ‘गुंतवणूक’ या रकान्यात ४०१-के मधले २ लाख डॉलर इमानदारीत टाकले. निवृत्तीच्या खात्यातली शिल्लक फॅफ्सात मोजतच नाहीत. एका रकान्याने आमचा आकडा ११ हजारांच्या वर फुगला. तीन आठवड्यांनी एका मैत्रिणीने फॉर्म डोळ्यांखालून घातला आणि म्हणाली, “अगं, हे काय लिहून ठेवलंय?” फॉर्म दुरुस्त करता येतो, आम्ही केला. पण ती भेटली नसती तर?

मोजत नाहीत ते असं: राहतं घर, निवृत्तीची खाती, आयुर्विम्याची जमा किंमत, गाड्या, घरातलं सामान, अंगावरचे दागिने. मोजतात ते असं: चालू आणि बचत खाती, मुदतठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, राहतं घर सोडून बाकी सगळी स्थावर मालमत्ता. आणि हे जगभरातलं. एनआरई खात्यातली ठेवसुद्धा. एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरताना जी खाती सरकारला सांगता, तीच इथे विसरून चालणार नाही.

पुण्यातला फ्लॅट? मोजतात. आजचा बाजारभाव वजा त्यावरचं कर्ज, मग डॉलरमध्ये. १ लाख डॉलरचा फ्लॅट असेल तर एसएआय जास्तीत जास्त ५,६४० ने वाढतो, दर वर्षी. फ्लॅट भावाबरोबर मिळून असेल तर फक्त तुमचा हिस्सा. गावच्या शेतीचंही तेच: सात-बाऱ्यावर चार भावंडांची नावं असतील तर तुमचा चौथा हिस्सा. २०२६-२७ पासून कुटुंबाची शेती पुन्हा वगळली आहे हे खरं, पण कुटुंब त्या शेतीवर राहत असेल तरच. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून साताऱ्याचा ऊस त्यात बसत नाही. स्वतःचा छोटा धंदा असेल, पूर्णवेळ कामाला शंभर किंवा त्याहून कमी माणसं असतील, तर तोही आता पुन्हा वगळला आहे.

कॉलेजसाठीचा ५२९ प्लॅन पालकाच्या नावावर असेल तर पालकांची मालमत्ता. आजीआजोबांनी उघडला असेल तर तो फॅफ्सात येतच नाही, आणि त्यातून काढलेले पैसे आता मुलाचं उत्पन्न म्हणूनही धरत नाहीत.

आणखी एक बदल, जो आमच्या वर्मी लागला. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर घराचा आकडा दोघांत विभागला जायचा. २०२४-२५ पासून ते बंद. धाकटी कॉलेजात गेली ते नेमकं तेच वर्ष, आणि थोरल्याची जी मदत वाढायला हवी होती ती पुढच्या पत्रात वाढलीच नाही. जुळी असलेल्यांचं काय होत असेल, मी विचारच करत नाही.

दुसरा फॉर्म: सीएसएस प्रोफाइल

बरीच खासगी कॉलेजं आणि काही सरकारी विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतले पैसे देण्याआधी कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल मागतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. कुटुंबाचं उत्पन्न १ लाखापर्यंत असेल तर माफ. हा फॉर्म फॅफ्साचा चोखंदळ थोरला भाऊ आहे. राहत्या घराची किंमत आणि त्यावर उरलेलं कर्ज विचारतो, घटस्फोट झाला असेल तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या पालकाकडूनही माहिती मागतो. पण तो ऐकूनही घेतो. औषधोपचाराचा खर्च, दुसरं मूल कॉलेजात असणं, हे बरीच कॉलेजं यातून विचारात घेतात. शेवटी विशेष परिस्थिती लिहायला मोकळी जागा असते. भारतातल्या आईवडिलांचा खर्च तुम्ही उचलत असाल तर तो तिथे लिहा, आकडे घालून. काही कॉलेजं मानतात, काही नाही.

वीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर आज तिप्पट किमतीचं झालं असेल, तर फॅफ्सा आणि सीएसएसची उत्तरं फार वेगळी येतील. अंदाज घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर. केंद्राची मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला तो २०११ पासून बंधनकारक आहे. अर्ज करण्याआधी, मूल अकरावीत असतानाच, यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा भरून बघा. अर्ली डिसिजनने अर्ज करायचा विचार असेल तर अगदी न चुकता. तिथे प्रवेश मिळाला की बांधील राहावं लागतं आणि दोन कॉलेजांची पत्रं शेजारी ठेवून बघायची संधीच मिळत नाही.

आणि उत्पन्नाच्या आकड्याने आधीच हात वर करू नका. हार्वर्ड आणि एमआयटी २०२५ पासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि त्याला साजेशी मालमत्ता असलेल्या घरांकडून शिकवणीची फी घेत नाहीत. प्रिन्स्टनने बहुतेक घरांसाठी ही रेषा अडीच लाखांवर नेली. अर्थात आधी तिथे प्रवेश मिळायला हवा, ती गोष्ट निराळी.

कोणते पैसे कुठून येतात

पेल ग्रँट केंद्राची, परत न करायची. वर्षाला कमाल ७,३९५ डॉलर, किमान ७४०. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ठरावीक पटीत असेल तर पूर्ण, नाहीतर कमाल रकमेतून एसएआय वजा करून जे उरेल ते. २०२६-२७ पासून एसएआय १४,७९० किंवा त्याहून जास्त असेल तर पेल नाही. दोघं आयटीत असलेल्या घराने याची आशा धरू नये. पण एकट्या पालकाचं घर, नुकतेच आलेले ग्रीन कार्डवाले, दुकान किंवा मोटेल चालवणारे, यांनी जरूर धरावी.

राज्याची ग्रँट वेगळी. न्यू जर्सीत टॅग, न्यू यॉर्कमध्ये टॅप, कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट. तारखा आपापल्या राज्याच्या बघा, त्या बऱ्याचदा केंद्राच्या तारखांपेक्षा आधी असतात.

केंद्राचं कर्ज मुलाच्या नावावर: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५००. चार वर्षांचे मिळून २७ हजार. गरज असेल तर यातल्या काही भागाचं व्याज शिकेपर्यंत सरकार भरतं. याशिवाय पालकांच्या नावावरचं पॅरेंट प्लस. त्याचा व्याजदर चढा असतो, आणि कर्ज देतानाच चार टक्क्यांच्या वर शुल्क कापून घेतात. १ जुलै २०२६ पासून त्याला एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा लागते. माझं मत विचाराल तर पॅरेंट प्लसवाचून जमत नसेल, तर कॉलेज बदलण्याचा विचार आधी करावा. घरात हे बोलणं जड जातं. डिसेंबरात बोलणं एप्रिलमध्ये बोलण्यापेक्षा हलकं जातं.

वर्क-स्टडी म्हणजे कॅम्पसवरची नोकरी. ग्रंथालयात बसून तासाप्रमाणे पगार. तो मुलाच्या खात्यात येतो, फीच्या बिलातून वजा होत नाही.

मेरिट स्कॉलरशिपचा वजाबाकीशी संबंध नाही. मार्कांवर, कधी वादनावर, कधी तुम्ही परराज्यातले आहात म्हणून. आयव्ही लीगची कॉलेजं ती देतच नाहीत. मध्यम क्रमवारीची खासगी कॉलेजं भरभरून देतात. आपल्यासारख्या, गरजेच्या रेषेच्या जरा वर असलेल्या घरांना खरा आधार बहुतेक वेळा इथूनच मिळतो. अट एकच: ठरावीक जीपीए दर वर्षी टिकवायला लागतो, तो किती ते पत्रात बघून घ्या. बाहेरून मिळालेली स्कॉलरशिप, अगदी स्थानिक मंडळाने दिलेले हजार डॉलरसुद्धा, कॉलेजला कळवावी लागते, आणि कधी कधी कॉलेज तेवढीच स्वतःची मदत कमी करतं. आधी विचारा, की कर्ज कमी करणार की ग्रँट?

मदतीचं पत्र कसं वाचायचं

मार्च-एप्रिलमध्ये पत्रं येतात. थोरल्याच्या दोन पत्रांचे आकडे गोल करून सांगते. पहिलं खासगी कॉलेज, वर्षाचा खर्च ८८ हजार. पत्राच्या वर ठळक अक्षरांत: तुमची एकूण मदत ४८,४००. दुसरं राज्यातलं विद्यापीठ, खर्च ३८ हजार, एकूण मदत ११,५००. मुलगा पहिलं पत्र घेऊन घरभर नाचला.

मी वही घेतली. पहिल्या पत्रातली फोड: ग्रँट ३४,०००, वर्क-स्टडी २,९००, मुलाचं कर्ज ५,५००, पालकांचं कर्ज ६,०००. परत न करायचे फक्त ३४ हजार. म्हणजे कॉलेज आम्हाला ५४ हजारांना पडणार होतं. दुसऱ्यात ६ हजारांची मेरिट आणि ५,५०० चं कर्ज. ते पडणार होतं ३२ हजारांना. चौपट उदार दिसणारं पत्र वर्षाला २२ हजारांनी महाग होतं, चार वर्षांचे ८८ हजार. आमचं पत्र काही वाईट म्हणून निवडलेलं नाही. संसदेच्या लेखातपासणी संस्थेने २०२२ मध्ये बघितलं तेव्हा ९१ टक्के कॉलेजं मदतीच्या पत्रात खरी निव्वळ किंमत लिहीत नव्हती किंवा कमी करून दाखवत होती.

म्हणून वहीवर एकच ओळ मांडा: पूर्ण खर्च वजा ग्रँट वजा स्कॉलरशिप. कर्ज आणि वर्क-स्टडी या ओळीत येऊ देऊ नका. पत्रात पूर्ण खर्च लिहिलेला नसेल तर फोन करून मागा. आरोग्य विमाही बघा; मूल तुमच्या विम्यावर असेल तर कॉलेजचा विमा नाकारता येतो, आणि ती रक्कम छोटी नसते.

परिस्थिती बदलली तर

फॉर्म दोन वर्षं जुन्या पगारावर चालतो, आणि नोकरी काही सांगून जात नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, किंवा त्या वर्षीचं उत्पन्न एकदाच फुगलेलं होतं, तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला प्रोफेशनल जजमेंटसाठी, म्हणजे तुमची परिस्थिती बघून फॉर्ममधले आकडे बदलण्यासाठी, लिहा. हा त्यांचा कायदेशीर अधिकार आहे, आणि ‘आम्ही असे अर्ज घेतच नाही’ असं सरसकट धोरण ठेवायला कायद्याने बंदी आहे.

पत्र एका पानाचं असावं. काय झालं, कोणत्या तारखेला झालं, त्यामुळे या वर्षीचं उत्पन्न किती असेल. सोबत नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पगाराची चिठ्ठी, दवाखान्याची बिलं. रडगाणं नको, भाजी मंडईतली घासाघीसही नको. त्या कार्यालयातला माणूस दिवसभर आकडे बघतो, त्याला आकडे द्या. त्याच तोडीच्या दुसऱ्या कॉलेजचं जास्त मदतीचं पत्र असेल तर ते नम्रपणे जोडायला हरकत नाही.

कधी कधी कॉलेज उलट तुम्हालाच कागद मागतं. त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात. त्यात संशयाचं काही नाही, पण मुदत चुकवू नका, तोवर पैसे अडकतात. आणि ते ईमेल मुलाच्या कॉलेजच्या पत्त्यावर येतात, जो मुलं उघडून बघत नाहीत.

एच-४ वर असलेल्या मुलांसाठी

केंद्राचं दार बंद आहे, पण कॉलेजचं स्वतःचं दार वेगळं. अनेक राज्यांत एच-४ वर असलेल्या मुलाला रहिवासी म्हणून सरकारी विद्यापीठात कमी फी लागते. हा सगळ्यात मोठा आणि खात्रीचा फायदा, तो आधी तपासा. खासगी कॉलेजं अशा मुलांना बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत धरतात. त्यातली बरीच प्रवेश देताना ‘याला मदत लागणार का’ हे बघतात, म्हणजे मदत मागितली तर प्रवेशाची शक्यता घटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अॅमहर्स्ट, बोडन ही ते न बघणारी, आणि गरज पूर्ण भागवणारी. मेरिट स्कॉलरशिपला अनेक ठिकाणी नागरिकत्वाची अट नसते. मूल एकविसाचं होईल तेव्हा एच-४ संपतो, तो वेगळा घोर. ग्रीन कार्ड मधेच आलं तर त्याच वर्षी फॅफ्सा भरा. त्या शैक्षणिक वर्षाचा फॉर्म ३० जूनपर्यंत भरता येतो.

हा फॉर्म एकदा भरून सुटका होत नाही, दर वर्षी भरायचा. दुसऱ्या वर्षीचा मात्र अर्ध्या तासात होतो.

त्या वहिनींनी दसऱ्याच्या सुमारास, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून, फॉर्म भरला. एसएआय ३० हजारांच्या पुढे गेला, पेलचा प्रश्नच नव्हता. त्यांची गाडी अडली ती एकाच रकान्यापाशी. कोथरूडचा फ्लॅट तिघा भावंडांत, आणि त्याचा आजचा भाव काय यावर व्हॉट्सॲपवर रात्री अकरापर्यंत भावाभावांत खल चालला होता. धाकट्या दिरांचं म्हणणं, एवढा भाव येणार असेल तर आत्ताच विकून टाकू. वहिनींनी फोन हातात घेतला आणि लिहिलं: “भाऊजी, चार वर्षं थांबा.”